ट्यूनर १:१ म्हणतो, मीटर १२० वॅट म्हणतो. यात खरं कुणाचं धरायचं?

दुधनाकाठ

नमस्कार मंडळी. हॅम रेडिओचा माझा रिग, म्हणजे ट्रान्समीटर-रिसीव्हरचा संच, १०० वॅटचा. अँटेना ७.१५ मेगाहर्ट्झला कापलेला इन्व्हर्टेड व्ही, म्हणजे मध्ये उंच आणि दोन्ही हात खाली उतरलेली तार, मधला पाइप ९ मीटर, एक टोक लिंबाला आणि एक कंपाउंडच्या बांबूला. खाली २८ मीटर आरजी-५८ कोॲक्स केबल. ट्यूनर, म्हणजे रिग आणि केबलच्या मधलं जुळवणीचं यंत्र, हाताने फिरवायचा, टी-नेटवर्कचा. मीटर दोन काट्यांचा, क्रॉस-नीडल. आकडे असे आहेत:

७.१५ वर ट्यूनर बायपास करून, म्हणजे वगळून, एसडब्ल्यूआर (जुळणी सांगणारं गुणोत्तर, १ म्हणजे पूर्ण जुळलं) १.३. यात तक्रार नाही.

२१.१५ वर ट्यूनरने जुळवलं की रिगचा स्वतःचा मीटर १.१ दाखवतो. बाहेरचा मीटर ट्यूनर आणि केबलच्या मध्ये आहे. तो म्हणतो फॉरवर्ड (पुढे जाणारे) १२० वॅट, रिफ्लेक्टेड (परत येणारे) २८. रिगच १०० वॅटचा, मग १२० आले कुठून?

एसएसबीवर, म्हणजे आवाजाच्या मोडवर, बोलताना काटा २५-३० च्या वर चढत नाही. सीडब्ल्यूची, म्हणजे मोर्सची, की दाबून धरली की ९०-९५ दाखवतो.

लाइट गेल्यावर बॅटरीवर तीच की दाबली की ७० च्या आसपासच.

बिघाड नेमका कशात आहे: रिग, ट्यूनर की मीटर?

तेरणा

२८ वॅट परत येताहेत म्हणजे ते थेट फायनल, म्हणजे रिगच्या शेवटच्या पॉवर देणाऱ्या, ट्रान्झिस्टरमध्ये जाऊन जळणार. आधी रिग बंद ठेवा. ट्यूनर काढून टाका.

बालाघाट

तेरणा भाऊ, घाई नको. हा समज लई जुना आहे. त्याला धरून चाललो तर पुढचं सगळंच उलटं दिसतं.

दुधनाकाठ, तुमच्या चारपैकी एकाही प्रश्नात बिघाड नाही. चारही ठिकाणी मीटर खरं तेच बोलतोय, फक्त तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तो देत नाहीये.

आधी १२० चं पाहू. फॉरवर्डचा आकडा म्हणजे रिगने दिलेली पॉवर नव्हे. पुढे खरी किती गेली ते कळायला फॉरवर्डमधून रिफ्लेक्टेड वजा करायचं. १२० वजा २८ म्हणजे ९२. ट्यूनरच्या पलीकडे निव्वळ ९२ वॅट जाताहेत. १०० वॅटच्या रिगमधून ९२ आले, यात चमत्कार कसला?

तरी १२० दिसतात कसे? अँटेनाकडून परत येणारी लाट ट्यूनरपाशी पोचते, आणि जुळवलेला ट्यूनर तिला पुन्हा पुढे ढकलतो. नवी ९२ आणि परत ढकललेली २८ मिळून १२०. ही वेगळी पॉवर नाही, तीच केबलमध्ये येरझारा घालते. म्हणून तर रिगच्या मीटरला १.१ दिसतं: रिगपर्यंत जवळजवळ काही परत येतच नाही. तेरणा भाऊ, फायनलला धोका असतो तो चुकीच्या लोडमुळे वाढणाऱ्या व्होल्टेजचा, करंटचा आणि उष्णतेचा. ट्यूनर जुळलेला असेल तर रिगला समोर ५० ओहमच दिसतात. आणि ट्यूनर नसला तरी आजचे बहुतेक रिग एसडब्ल्यूआर २ च्या पुढे गेला की स्वतःच पॉवर खाली आणतात. पॉवर कमी दिसली की लोक म्हणतात 'परत आली', पण मुळात ती निघालेलीच नसते.

आता एसडब्ल्यूआर. रिफ्लेक्टेड भागिले फॉरवर्ड, त्याचं वर्गमूळ काढा. २८ ÷ १२० = ०.२३३, वर्गमूळ ०.४८३. मग १ अधिक हा आकडा, भागिले १ वजा हा आकडा: १.४८३ ÷ ०.५१७ = २.८७. तुमच्या केबलच्या खालच्या टोकाला एसडब्ल्यूआर २.९ आहे, आणि ट्यूनर कितीही फिरवला तरी तो तेवढाच राहणार. ट्यूनर अँटेनाला ट्यून करत नाही, रिगची समजूत काढतो. नाव देणाऱ्याने घोळ घातलाय. 'जुळवणी पेटी' म्हटलं असतं तर निम्मे वाद झालेच नसते.

पाठ करायचे तर एवढेच आकडे पुरे: १.५ ला ४ टक्के परत येतात, २ ला ११, ३ ला २५, ५ ला ४४. दीडाचा सव्वा करायला दिवसभर लिंबावर चढणाऱ्यांनी पहिला आकडा पुन्हा वाचावा.

दुधनाकाठ

म्हणजे सर, ९२ वॅट अँटेनात जाताहेत. मग मी निवांत?

मांजराकाठ

नाही. ९२ वॅट केबलमध्ये जाताहेत. अँटेनात किती जातात ते अजून कुणी मोजलेलंच नाही, आणि गोम तिथंच आहे.

२१ मेगाहर्ट्झला २८ मीटर आरजी-५८ साधारण १.९ डीबी (डेसिबल, तोट्याचं माप) खाते. हा आकडा जुळलेल्या लोडचा. १.९ डीबी म्हणजे वर पोचते ती ०.६४६ पट. आता तुमचेच आकडे वर चढवत नेऊ:

खालून निघालेले फॉरवर्ड १२०, वर पोचतात ७७.५.
खाली दिसणारे रिफ्लेक्टेड २८. ते येता येता तितकेच घटलेत, म्हणजे वरून निघताना होते २८ ÷ ०.६४६ = ४३.३.
अँटेनाने घेतले ७७.५ वजा ४३.३ = ३४ वॅट.

९२ पैकी ३४. उरलेल्या ५८ वॅटवर केबल तापते. आणि अँटेनापाशी खरा एसडब्ल्यूआर २.९ नाही, ४३.३ ÷ ७७.५ धरून काढला तर ६.९ येतो.

केबलचा तोटा एसडब्ल्यूआर झाकतो. सगळ्यांनी हे एकदा करून बघावं: २ मीटर बँडला (१४४ मेगाहर्ट्झच्या वर) १५ मीटर लांब आरजी-५८ साधारण ३ डीबी खाते. वरून अँटेना पूर्ण काढून टाका, केबलचं टोक मोकळं ठेवा. खाली एसडब्ल्यूआर अनंत दिसायला हवा ना? दिसतो ३. जाताना ३, येताना ३, मिळून ६ डीबी घटले. अँटेनाच नाही आणि मीटर म्हणतो 'चालतंय की'.

याची दुसरी बाजू जास्त फसवी. तुमच्याच अँटेनाला २८ मीटर आरजी-२१३, म्हणजे जाड केबल, लावा. २१ मेगाहर्ट्झला ती ०.९ डीबीच्या आसपास खाते. वर तोच ६.९ असेल तर खाली मीटर ४.१ दाखवेल. चांगली केबल आणली आणि एसडब्ल्यूआर वाढला, म्हणून दुकानदाराशी भांडायला जाणारे आहेत. पण अँटेनाला ३४ च्या जागी ५२ वॅट मिळताहेत.

तेरणा

फायनलचं मान्य. पण मग ४० मीटर बँडला, म्हणजे ७ मेगाहर्ट्झला, पण एवढंच नुकसान?

मांजराकाठ

नाही. ७ मेगाहर्ट्झला तीच केबल १.१ डीबीच्या घरात खाते, आणि १.३ एसडब्ल्यूआरने त्यात भर पडते ती मोजण्यासारखी नसते. केबलचा तोटा आणि एसडब्ल्यूआर दोन्ही मोठे असले की मार बसतो. उलट ४५० ओहमची शिडी लाइन (दोन समांतर तारांची) असेल तर एसडब्ल्यूआर ८-१० असला तरी फारसं बिघडत नाही, कारण मुळात ती खातच कमी. म्हणून लाइन न पाहता 'अमुक एसडब्ल्यूआर वाईट' म्हणता येत नाही.

पूर्णा_जंक्शन

एसएसबीच्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही, मी घालतो.

की दाबून धरली की कॅरिअर, म्हणजे मूळ लाट, सारखा राहतो, त्यामुळे सरासरी आणि शिखर एकच. बोलताना आवाज चढउतार खातो. १०० वॅट पीईपी (शिखर पॉवर) म्हणजे आवाजाच्या शिखरापाशी क्षणभर १००. साध्या मीटरचा काटा जड, तो शिखरापर्यंत पोचायच्या आत आवाज खाली आलेला असतो. १०० वॅट पीईपीवर बोलताना काटा २०-४० मध्ये नाचला तर सगळं ठीक आहे.

काही आकडे ठेवा. दोन टोनची चाचणी केली आणि पीईपी १०० असेल तर खरी सरासरी ५०. पण डायोडवाला मीटर लाटेच्या व्होल्टेजची सरासरी धरतो आणि कॅरिअरच्या पट्टीवर दाखवतो, म्हणून तो ४० दाखवेल. एएमला कॅरिअर २५ असेल तर पूर्ण मॉड्युलेशनला पीईपी १००. एफटी-८ आणि आरटीटीवाय या डिजिटल मोडना पातळी सारखी, तिथं मीटर बरोबर दाखवतो. पण मराठवाड्यातल्या मे महिन्यात ४२ अंशांत १०० टक्के ड्यूटी चालवू नका, ३०-४० वॅट पुरतात.

मोठी चूक म्हणजे काटा १०० वर नेण्यासाठी माइक गेन वाढवत बसणं. काटा ६० पर्यंत जातोही, पण त्याच वेळी एएलसी (रिगची पॉवर आपोआप आवरणारी सोय, तिचा मीटर रिगवरच असतो) पट्टीबाहेर गेलेली असते आणि शेजारच्या ५ किलोहर्ट्झवाल्याला तुमचा चुरा ऐकू येतो. एएलसी पट्टीच्या आत ठेवा, मीटरकडे बघू नका. पीईपी मीटर घ्यायचा असेल तर पाहून घ्या: ज्याला बाहेरून १२ व्होल्ट लागतात त्यात शिखर धरून ठेवणारं खरं सर्किट असतं. नुसता कपॅसिटर जोडून 'पीईपी' लिहिलेले मीटर आवाजाच्या सवयीप्रमाणे १० ते ३० टक्के कमीच दाखवतात.

दुधनाकाठ

कळलं. बॅटरीचं?

पूर्णा_जंक्शन

वायर किती जाडीची आणि किती लांब?

दुधनाकाठ

घरच्या वायरिंगमधून उरलेली २.५ स्क्वेअर एमएम. बॅटरीपासून टेबलापर्यंत ३ मीटर.

पूर्णा_जंक्शन

झालं मग. २.५ ची तांब्याची वायर मीटरला ७.४ मिलिओहम. जायची ३ आणि यायची ३ मिळून ६ मीटर, म्हणजे ०.०४४ ओहम. १०० वॅटचा रिग पूर्ण पॉवरला २० अँपिअर ओढतो. गेले ०.९ व्होल्ट वायरमध्येच. इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलर बॅटरीवर लोड पडल्यावर १२.३ उरले तर रिगपाशी ११.४. बहुतेक रिग १३.८ ला बनलेले, १५ टक्के कमी म्हणजे ११.७ पर्यंत चालायची हमी. तुम्ही त्याच्याही खाली आहात. पॉवर पडणारच, वर आवाजात विकृती येते. १० स्क्वेअर एमएम वापरा आणि बॅटरी टेबलाखाली आणा. फ्यूज बॅटरीच्या टोकापाशी, प्लस आणि मायनस दोन्हींना. व्होल्टेज मोजताना की दाबून, रिगच्या मागच्या सॉकेटपाशी मोजा. बॅटरीपाशी मोजलेला आकडा खोटा दिलासा देतो.

कयाधू

५ वॅटवाल्यांची एक अडचण. माझा साधा मीटर सगळ्या बँडवर १.१ ते १.२ दाखवतो. अँटेना एवढा चांगला असणं शक्य नाही.

बालाघाट

शंका बरोबर आहे. दोष डायोडचा. मीटरमध्ये लाटेचं व्होल्टेज आधी कमी करून डायोडला देतात, आणि डायोड पहिले ०.२-०.३ व्होल्ट गिळतो.

समजा ही घट करणारा भाग, कपलर, व्होल्टेज दहावा भाग करतो आणि खरा एसडब्ल्यूआर १.५ आहे. ५ वॅट पुढे, ०.२ वॅट मागे. ५० ओहमवर वॅटला १०० ने गुणून वर्गमूळ काढलं की शिखर व्होल्टेज येतं: ५ ला २२.४, ०.२ ला ४.५. दहावा भाग केला की २.२४ आणि ०.४५. डायोडने प्रत्येकी ०.३ गिळले की उरले १.९४ आणि ०.१५. आता गुणोत्तर काढा, एसडब्ल्यूआर येतो १.१६. १.५ चा १.१६ झाला, आणि मालक खूश!

उपाय तीन. डायोड जर्मेनियम किंवा शॉट्की असू द्या, साधा सिलिकॉन नको. कपलर कमी पॉवरचा, म्हणजे कमी घट करणारा घ्या. किंवा सरळ नॅनो-व्हीएनए, म्हणजे अँटेना मोजायचं छोटं यंत्र, लावा. मात्र व्हीएनए लावलेला असताना त्याच केबलवर कुणाच्या हाताने पीटीटी (ट्रान्समिटचं बटण) दाबला गेला तर ते यंत्र गेलं म्हणून समजा. त्याचं माप मिलिवॅटच्याही खालचं आहे.

मीटर किती भरवशाचा, तेही याच धाग्यात येऊ द्या. बर्ड ४३ सारख्या नावाजलेल्या मीटरलाही ५ टक्के चूक माफ आहे, आणि ती पूर्ण पट्टीच्या ५ टक्के. १०० वॅटच्या स्लगवर (मीटरची पट्टी ठरवणारा बदलता तुकडा) ५ वॅट इकडेतिकडे. १००० वॅटचा स्लग लावून १०० वॅट मोजले तर खरे ५० असतील किंवा १५०. बाजारातल्या क्रॉस-नीडलला १० टक्के धरून चाला. २७ मेगाहर्ट्झच्या सीबीसाठी बनवलेले स्वस्त, 'कॅल' खुंटीवाले मीटर एसडब्ल्यूआर बरा दाखवतात. त्यांची वॅटची पट्टी मात्र प्रत्येक बँडला वेगळं बोलते, कारण त्यांची संवेदना फ्रिक्वेन्सीबरोबर वाढते.

सिडकोचा_स्लॅब

सुरुवातीच्या प्रश्नाला जोडून एक. आमच्या गल्लीत डिश-केबलवाल्याकडे आरजी-६ चं अख्खं बंडल मिळतं, आरजी-५८ पेक्षा स्वस्त. ७५ ओहम असली तरी चालते म्हणतात. मीटर ५० चा आहे, मग आकडा खोटा येणार ना?

मांजराकाठ

चालते. डायपोल तसाही ७० च्या आसपास असतो, इन्व्हर्टेड व्ही ५० कडे झुकतो. फोमची आरजी-६ आरजी-५८ पेक्षा कमीच खाते. आकड्याचं म्हणाल तर ५० चा मीटर ७५ च्या केबलमध्ये बसवला की तो केबलमधला एसडब्ल्यूआर खरा सांगत नाही, पण रिगला समोर काय दिसतंय ते बरोबर सांगतो, आणि फॉरवर्ड वजा रिफ्लेक्टेड हेही त्या जागेपुरतं बरोबरच. फक्त केबलची लांबी बदलली की खालचा एसडब्ल्यूआर १ ते २.२ मध्ये हलेल, तो दोष समजू नका.

खरी डोकेदुखी जोडाची. आरजी-६ ची जाळी ॲल्युमिनियमची, तिला सोल्डर चिकटत नाही. पीएल-२५९ कनेक्टरमध्ये ती कोंबून, वरून टेप मारून 'झालं' म्हणणारे पुढच्या जूनमध्ये परत येतात. एफ कनेक्टर दाबून लावायचं यंत्र वापरा आणि एफ ते पीएल ॲडॉप्टर घ्या. १०० वॅट जुळलेल्या लोडला चालतं.

आणि आरजी-५८ वाल्यांनीही जाळी पीएलच्या चारही भोकांतून सोल्डर करायची. २५ वॅटची पेन्सिल इस्त्री पुरत नाही, ६० ते १०० ची लागते. थंड इस्त्री जास्त वेळ धरली की आतलं पॉलिथीन वितळतं आणि मधली तार जाळीला टेकते.

दुधनाकाठ

माझा ट्यूनर बरोबर फिरवला जातोय का, ते कसं कळावं? एकाच बँडला तीन वेगवेगळ्या ठिकाणी १:१ येतो.

बालाघाट

टी-नेटवर्कचा तो स्वभावच आहे. दोन कपॅसिटर रांगेत, मधून जमिनीकडे कॉइल. जुळायच्या जागा अनेक, आणि त्या सगळ्या सारख्या नसतात. कपॅसिटर जितका कमी आणि कॉइल जितकी जास्त, तितका आत फिरणारा करंट मोठा आणि कॉइल गरम. रिगला तरीही १:१ च दिसतो. म्हणून ज्या जागी कपॅसिटर जास्तीत जास्त आणि कॉइल कमीत कमी, ती जागा खरी. खुंटीवरचे आकडे कपॅसिटन्स दाखवतात की उलटं, ते झाकण उघडून एकदा पाहून घ्या. कंपनीगणिक फरक असतो.

करायचं असं. रिग रिसीव्हवर, दोन्ही कपॅसिटर मध्यावर. कॉइलची खुंटी एकेक घर फिरवत खरखर सगळ्यात मोठी कुठे होते ते पाहा. खरखरीला आपल्याकडे तोटा नाही, शेतातल्या सोलर पंपांचे इन्व्हर्टर दिवसभर पुरवतात. मग कपॅसिटर फिरवून ती आणखी वाढवा. एवढ्यात तुम्ही जुळणीच्या जवळ आलात.

आता फ्रिक्वेन्सी रिकामी आहे का ऐका, विचारा, कॉलसाइन द्या. पॉवर १० वॅट, सीडब्ल्यू किंवा एएमचा कॅरिअर. मीटर आता रिग आणि ट्यूनरच्या मध्ये हवा. तुम्ही तो ट्यूनरच्या पलीकडे लावलाय. तिथे तो केबलची कहाणी सांगतो, जुळणीची नाही. रिगकडचा कपॅसिटर, मग अँटेनाकडचा, पुन्हा रिगकडचा, असं थोडं थोडं करत रिफ्लेक्टेड खाली आणा. १० सेकंदांच्या वर की धरू नका. कॉइलचं घर बदलायचं तर आधी कॅरिअर बंद. पॉवर चालू ठेवून ती खुंटी फिरवली की संपर्कापाशी ठिणगी पडते आणि पुढे ते घर कायमचं बिघडतं.

जुळलं की थांबू नका. कॉइल एक घर कमी करा, कपॅसिटर वाढवून पुन्हा जुळतं का पाहा. जुळलं तर अजून एक घर. जिथं जुळत नाही त्याच्या आधीची जागा कागदावर लिहून ट्यूनरला चिकटवा: बँड, तीन आकडे. मगच पॉवर वाढवा.

आत चट्‌चट् आवाज आला तर कपॅसिटरच्या पात्यांत ठिणगी पडतेय. २००० ओहमच्या लोडवर १०० वॅट म्हणजे ४४७ व्होल्ट आरएमएस, शिखराला ६३२. आपल्या धुळीत पात्यांमधलं अंतर आणखी अपुरं पडतं. वर्षातून एकदा मऊ ब्रशने झटका, तेल मारू नका. रिगच्या आतले ट्यूनर तर बहुतेक ३:१ पर्यंतचेच, त्यांच्याकडून ६.९ ची अपेक्षा करू नये.

तेरणा

ट्यूनर किती खातो ते मीटर मागेपुढे लावून वजाबाकीने काढता येईल का?

बालाघाट

दोन वेगळ्या मीटरांनी नाही. प्रत्येकाची चूक १० टक्के, त्यात ट्यूनरचे ५-८ वॅट हरवून जातात. एकाच मीटरने काढता येईल. आधी तो मीटर डमी लोडवर (अँटेनाच्या जागी लावायचा ५० ओहमचा रोध) लावून रिगची पॉवर नोंदवा, मग तुलना करा. सोपी चाचणी हाताची: दोन मिनिटं चालवा, रिग बंद करा, झाकण उघडा, कॉइलला हात लावा. कोमट ठीक. चटका बसला तर जागा चुकलीय.

डमी लोड घरी होतो. १ किलोओहमचे २ वॅटवाले २० रोध समांतर, म्हणजे ५० ओहम आणि ४० वॅट. कार्बन किंवा मेटल ऑक्साइड फिल्मचे घ्या. गुंडाळलेल्या तारेचे चालत नाहीत, ते आरएफला कॉइल होऊन बसतात. दोन तांब्याच्या किंवा पितळी चकत्यांमध्ये उभे सोल्डर करा, पाय अगदी आखूड.

धागा व्यवस्थापक

डमी लोड थंड ठेवायला कोणतं तेल, हा वाद गेल्या वर्षीच्या धाग्यात ९० प्रतिसाद चालला. इथं नको. जुन्या ट्रान्सफॉर्मरमधून काढलेलं तेल कुणीही वापरू नये, त्यात घातक रसायनं असू शकतात. पुढे चला.

कयाधू

मीटरला हात लावला की एसडब्ल्यूआर बदलतो, केबलला एक मीटर जोड दिला तरी बदलतो. आरजी-५८ च आहे, ७५ ची नाही.

मांजराकाठ

मग केबलच्या जाळीच्या बाहेरून करंट वाहतोय. ५० च्या केबलमध्ये, ५० च्या मीटरने, लांबी थोडी बदलली तर एसडब्ल्यूआर बदलायला नको. तोट्यामुळे जरासा खाली येईल तेवढाच. तुमच्याकडे केबलच अँटेनाचा तिसरा हात झालीय. पत्र्याच्या शेडवरून केबल नेली असेल तर आणखीच. अँटेनाच्या जोडापाशी तो करंट अडवणारा चोक लावा: एफटी-२४०-४३ या फेराइट कोअरवर आरजी-५८ चे १०-१२ वेढे. ४० आणि ८० वरच जास्त काम असेल तर ३१ मिक्सचा कोअर बरा. हवेतलं वेटोळं गुंडाळून भागवतात, पण ते एखाद-दुसऱ्या बँडलाच काम करतं.

हातासरशी पावसाचंही सांगतो. काहीच न करता एसडब्ल्यूआर 'सुधारला' तर आनंद मानू नका. वरच्या जोडातून केबलमध्ये पाणी गेलं की तोटा वाढतो, आणि तोटा वाढला की एसडब्ल्यूआर गोंडस दिसतो. तपासणी: वरचं टोक अँटेनापासून सोडवून मोकळं ठेवा, खाली व्हीएनए लावून रिटर्न लॉस (परत आलेली लाट किती डीबी घटली) बघा, त्याचा निम्मा म्हणजे केबलचा एकेरी तोटा. २८ मीटर आरजी-५८ ला २१ मेगाहर्ट्झवर रिटर्न लॉस ३.८ डीबीच्या आसपास, म्हणजे एसडब्ल्यूआर ४.६ दिसला पाहिजे. २.५ दिसला तर केबल पाणी प्यायलीय. ती वाळत नाही, बदलावी लागते. काळी पीव्हीसी टेप आपल्या उन्हात एका उन्हाळ्यात सुटते. आधी स्वतःलाच चिकटणारी रबर टेप, वरून पीव्हीसी, आणि शेवटचा वेढा खालून वर, कौलं रचतात तसा.

दुधनाकाठ

आज मोजलेलं. डमी लोडवर बाहेरचा मीटर ९४. ट्यूनरनंतर निव्वळ ९२ होते. केबल मोकळी ठेवून रिटर्न लॉस ३.९. व्हीएनएवर २१ च्या बँडची दरी, म्हणजे एसडब्ल्यूआर सगळ्यात कमी होतो ती जागा, २१.८५ ला आहे.

बालाघाट

म्हणजे ट्यूनर निर्दोष सुटला, दोनच वॅटचा फरक. केबलही कोरडी आहे. अँटेनाच २१.१५ ला बसत नाही. ४० मीटर बँडचा डायपोल (दोन हातांचा अँटेना, तुमचा तोच) १५ मीटर बँडवर, म्हणजे २१ मेगाहर्ट्झला, तिसऱ्या हार्मोनिकला (तिप्पट फ्रिक्वेन्सीला) चालतो, पण तारेच्या टोकांचा परिणाम तिप्पट होत नाही, म्हणून ती जागा तिपटीच्या थोडी वर जाते. ७.१५ ची तिप्पट २१.४५, तुमची आली २१.८५.

टोकं लांबवली तर ४० बिघडेल. त्याऐवजी मधल्या जोडापासून दोन्ही बाजूंना ३.४ मीटरवर, म्हणजे हाताच्या साधारण तिसऱ्या भागावर, ताठ तांब्याच्या तारेचे ४० सेंटिमीटरचे दोन दोन तुकडे सोल्डर करून आडवे पसरा. त्या जागी १५ मीटरचं व्होल्टेज सगळ्यात जास्त असतं, म्हणून थोडी कपॅसिटीही १५ ला खाली ओढते. ४० ला तिथं व्होल्टेज कमी, त्यामुळे तो फारसा हलत नाही. मग दोन्ही बाजूंना सारखं, एका वेळी २ सेंटिमीटर छाटत दरी २१.२ वर आणा. शेवटी ७.१५ तपासा, खाली सरकला असेल तर टोकं थोडी कापा.

दुधनाकाठ

केलं. दरी २१.२ वर. ट्यूनर बायपास, फॉरवर्ड ९६, रिफ्लेक्टेड ४.

मांजराकाठ

खाली १.५, वर अँटेनापाशी १.९. ट्यूनरची गरज संपली. अँटेनाला ३४ च्या जागी ५६ वॅट. म्हणजे २ डीबीच्या जरा वर; पलीकडच्या एस-मीटरवर (सिग्नलचा जोर दाखवणारा) एका घराचा तिसरा हिस्सा. आवाज कुजबुजीच्या काठावर असेल तेव्हाच तो कळेल.

दुधनाकाठ

आता आरजी-२१३ घेतली तर?

मांजराकाठ

७२ होतील. पण आधी सांगा, पाइप ९ मीटरचा आणि केबल २८, मग बाकीची कुठंय?

दुधनाकाठ

टेबलाखाली ८ मीटरचं वेटोळं आहे. लांबी बदलली तर एसडब्ल्यूआर बिघडेल असं ऐकलं होतं, म्हणून कापली नाही.

मांजराकाठ

कापा. ५६ चे ६४ होतील. खर्च एका पीएलचा.